बेब्लेडचा लाँचर घसरतोय? फेकण्याआधी हे करून बघा

बेब्लेड म्हणजे लाँचरला अडकवून, दातेरी पट्टी ओढून फिरवायचा भोवरा. पट्टी ओढली की कर्रर्र आवाज येतो आणि भोवरा जागच्या जागी टपकन पडतो, मग सगळे म्हणतात लाँचर गेला. पण नेमकं काय गेलंय ते आधी बघा ना. पट्टी हळू ओढा आणि खालच्या आकड्यांवर (भोवरा अडकवायच्या हुकांवर) नजर ठेवा. आकडे झटके खात फिरले तर पट्टी नाहीतर गिअर, आकडे नीट फिरतात तरी भोवरा आधीच निसटतोय तर आकडेच झिजलेत.

पट्टी उजेडात धरा, मुठीजवळचे दाते आधी जातात, कारण स्थिर भोवऱ्याला पहिला झटका तेच देतात. झिजलेले दाते भरत बसू नका, टिकत नाही, सरळ नवीन पट्टी घ्या. नुसती कड उठली असेल तर ब्लेडने अलगद काढा.

आकड्यांचं काम मात्र करण्यासारखं आहे. साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा, लाँचर आडवा धरा, टूथपिकच्या टोकाने सुपरग्लू लावा, ट्यूबमधून थेट अजिबात नको, एक थेंब जरी आकडे फिरवणाऱ्या दांड्याच्या फटीत ओघळला तर सगळं जाम. वर चिमूटभर खायचा सोडा टाका, लगेच दगडासारखं घट्ट होतं (वाफ येते, खिडकी उघडी ठेवा). असे दोन-तीन थर द्या आणि नेलफाइलने आकार द्या. सगळे आकडे सारखेच हवेत, नाहीतर भोवरा तिरका सुटतो. प्लास्टिक मेणासारखं गुळगुळीत असेल तर ग्लू धरत नाही, पापुद्रा निघून येतो, तिथे हा उपाय सोडाच.

पट्टीऐवजी दोरीवाला लाँचर असेल तर उघडायच्या आधी फोटो काढा आणि झाकण उचलताना आतल्या चक्रीवर बोट दाबून ठेवा, गुंडाळलेली स्प्रिंग उसळून बाहेर येते, चष्मा घालाच. काळं झालेलं ग्रीस पुसा, सिलिकॉन ग्रीस अगदी थोडं लावा. घरातलं कुठलंही तेल किंवा स्प्रे नको, काही प्लास्टिकला त्याने चिरा जातात.

बंद करताना स्क्रू आधी उलटा फिरवा, टक् करून जुन्या आट्यात बसला की मगच आवळा, तेही हलक्या हाताने. सरळ आवळलात तर नवीन आटे पडतात आणि पुढच्या वेळी तो धरतच नाही.

ग्लू लावलेल्या लाँचरला एक दिवस हात लावू नका. पहिले पाच-सहा लाँच अर्ध्या जोराने, आणि लहान मुलं लांब, कारण थर सुटला तर तुकडा उडतो.