मे महिन्यात स्लीपरने काशी: दुपार कशी काढायची

उन्हाळ्यात काशीला जाऊच नये, हे मला निदान पन्नास जणांनी सांगितलंय. सांगणाऱ्यांना बहुधा दिवाळीत रजा मिळते. मला मे महिन्यातच मिळते, आणि पाठीवर पिशवी टाकून रेल्वेने गेलं की खिशालाही परवडतं. तेव्हा जायचंच असेल तर असं जा.

तिकीट

आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं, त्याच दिवशी काढा. मुंबईहून सुटणारी महानगरी एक्सप्रेस रात्री बारा वाजून गेल्यावर निघते. म्हणजे शुक्रवारी रात्री घराबाहेर पडायचं असेल तर तिकीट शनिवारचं हवं. एसी मिळालं तर पुढचा अर्धा लेख सोडून द्या.

स्लीपरमध्ये मात्र वरचा बर्थ मागू नका. ‘वर सामान नीट राहतं, कुणी उठवत नाही’ हा सल्ला थंडीतला आहे. मे महिन्यात डब्याचं छप्पर तव्यासारखं तापतं आणि वर झोपलेला माणूस भाकरीसारखा शेकतो. वरचाच मिळाला तर दिवसा बेलाशक खाली या. सकाळी 6 ते रात्री 10 खालचा बाक सगळ्यांना बसण्यासाठीच असतो.

पिशवी

सात-आठ किलोंच्या वर नको. दोन सुती पंचे, ओआरएसच्या पुड्या, कडेने भोकं नसलेली टोपी. जीन्स घरी ठेवा.

दुपार

खरी परीक्षा इथे आहे. महानगरी दुपारी इटारसी-जबलपूरच्या टापूत असते आणि अकरा ते पाच डब्यात वारा येतो तो भट्टीतला. पहिल्या खेपेला मी सगळ्या खिडक्या सताड उघडून, तोंडावर वारा घेत बसलो होतो. शिवाय संडास घाण म्हणून पाणी जवळजवळ घेतलंच नव्हतं. घाम येत नाहीये, म्हणजे बरं चाललंय, असं वाटत होतं. घाम येत होता, पण त्या कोरड्या हवेत लगेच उडून जात होता. सतना आलं तेव्हा उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. समोरच्या आजींनी मला आडवं केलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि सतनाहून गाडी सुटेपर्यंत बोलणी खायला लावली. बोलणी रास्त होती.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. हवा अंगापेक्षा गरम झाली की कोरडा वारा तुम्हाला थंड करत नाही, उलट तापवतो. म्हणून उन्हाच्या बाजूची फटींची झडप खाली ओढायची आणि पंचा पिळून तिच्या आतल्या बाजूला खोचायचा. आपल्याकडे वाळ्याचे पडदे लावायचे, तेच तत्त्व. आत येणारी झुळूक ओल्या कापडातून आली की फरक लगेच कळतो. अर्ध्या तासात पंचा खडखडीत वाळतो, परत भिजवा. दुसरा पंचा मानेवर आणि डोक्यावर. तो कोरडा ठेवून काही उपयोग नाही.

पाणी तहान लागण्याची वाट न बघता प्यायचं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट, घड्याळ लावून. मी अशा दिवशी चार लिटरच्या खाली थांबत नाही. साध्या पाण्याच्या जोडीला ओआरएस घ्या, पण एक लिटरची पुडी अर्ध्या बाटलीत ओतून ‘जास्त ताकद’ मिळवायला जाऊ नका. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. खोक्यातली गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे. आणि संडासाला जावं लागेल म्हणून पाणी टाळणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. चार तासांत एकदाही जावं लागलं नाही, तर काळजी करा.

सोबतचा माणूस बरळायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उन्हाचा थकवा राहिलेला नाही. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 139 वर फोन करून पुढच्या स्टेशनात डॉक्टर मागवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

उतरल्यावर

‘कँट’ म्हणजे वाराणसी जंक्शन. ‘बनारस’ हे वेगळं स्टेशन, पूर्वीचं मंडुआडीह. दीनदयाळ उपाध्याय जंक्शन म्हणजे जुनं मुगलसराय, ते गंगेपलीकडे. अंधारात पोहोचलात तर उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात बसा, मग घाटांजवळच्या गोदौलिया चौकापर्यंत रिक्षा. पुढे गल्ल्यांतून चालायचं आहे, आणि पाठीवर ओझं घेऊन ते उन्हात करायचं नाही.

घाट

सगळे घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत. सूर्य पाचनंतर थोड्याच वेळात उगवतो आणि आठला पायऱ्या पोळायला लागतात. तेव्हा पहाटे जा, नऊच्या आत खोलीवर परत या. चार-साडेचारनंतर मात्र मागच्या उंच वाड्यांची सावली पायऱ्यांवर उतरते. विश्वनाथाच्या दर्शनाला अनवाणीच चालावं लागतं, तेही पहाटेच उरका. मोबाईल खोलीवरच ठेवा, म्हणजे लॉकरच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही.

दुपारी बेलाचं सरबत, पन्हं, सत्तू. बर्फाचा गोळा नको.

संध्याकाळची आरती दशाश्वमेधला. गर्दी नको असेल तर दक्षिणेला थोडं पुढे, अहिल्याबाई घाटावर बसा. 1780 मध्ये विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं करणाऱ्या आपल्या अहिल्याबाईंच्या नावाचाच तो घाट. फक्त बसण्याआधी पायरीला हात लावून बघा. सावली येऊन तास झाला तरी दगड तापलेलाच असतो.