सायकल घेण्याआधी स्वतःचा पाय मोजा

सायकल घ्यायला निघालेला माणूस मला आधी ब्रँड विचारतो, मग गियर किती असावेत ते विचारतो. फ्रेमचं माप आणि सीटची उंची कुणी विचारत नाही. गुडघे दुखतात ते मात्र बहुधा त्यांच्यामुळेच.

प्रकाराचा प्रश्न सोपा आहे. रोज ऑफिस आणि रविवारी पुण्याबाहेर खडकवासला एवढा बेत असेल तर हायब्रिड, म्हणजे रोड सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल घ्या. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत आणि पुढे शॉकअप नसावा. स्वस्त सायकलचा शॉकअप नुसता वजन वाढवतो, कात्रजच्या चढावर पायातला जोर खातो. खड्ड्यांचे दणके रुंद टायरही बऱ्यापैकी झेलतात.

आता माप. माझ्या पहिल्या सायकलच्या वेळी दुकानदार म्हणाला, "दोन्ही पाय जमिनीला टेकतात ना? मग झालं!" मी वर्षभर तशीच चालवली. खडकवासल्याहून परतताना दर वेळी वडगावच्या आसपास गुडघ्याच्या वाटीपाशी कळ यायची. मी वय झालं असं धरून चाललो होतो. दोष सीटचा होता. सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकत असतील तर सीट खाली आहे. हा "पाय टेकतात ना"चा सल्ला कृपा करून कुणाचाही ऐकू नका.

घरीच मोजा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांमध्ये जाड पुस्तक सीटसारखं घट्ट वर दाबा आणि त्याच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंतचं अंतर समजा ७८ सेंटिमीटर आलं. त्याला ०.८८३ ने गुणा, साधारण ६९ येतात. क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत एवढी उंची ठेवून सुरुवात करा. मग भिंतीला धरून सीटवर बसा आणि पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेच हवं आहे.

पुढे फरक करायचा तो अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. चालवताना कंबर डावी-उजवी डुलत असेल तरीही सीट खाली घ्या. सीटपोस्टवरची (सीट ज्या नळीवर बसते तिच्यावरची) कमाल उंचीची रेघ बाहेर दिसू लागली तर तिथेच थांबा, फ्रेम तुम्हाला लहान आहे. उलट, सीट बरोबर असूनही हँडल धरताना कोपर ताठ होत असेल तर फ्रेम मोठी आहे. "सवय होईल" म्हणणाऱ्याच्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर बसावं आणि पट्टा लावून मान हलवली तरी सरकू नये. मागे लाल, पुढे पांढरा दिवा. पावसाळ्यासाठी मडगार्ड लावाच. जेलचं सीटकव्हर नको, ते दाबून घासतं. त्या पैशांत पॅडची शॉर्ट घ्या आणि आत काही घालू नका. जास्तीची ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिममधून काढायची पट्टी) आणि छोटा पंप सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या.

नव्या गियरच्या वायरी सुरुवातीच्या शंभर-दीडशे किलोमीटरांत सैल होतात. तेव्हा सायकल एकदा दुकानात नेऊन गियर पुन्हा जुळवून घ्या, पण निघण्याआधी सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण करा. सर्व्हिसिंगला दिलेल्या सायकलची सीट हमखास खाली होऊन येते.