जर्मनमधला सी-एच जिभेवर कसा बसला

जर्मन शिकताना माझं गाडं अडायचं ते सी-एच (ch) या अक्षरजोडीपाशी. देवनागरीत लिहून घेतलं की चर्चचा शब्दही ‘किर्शऽ’ आणि चेरीचाही ‘किर्शऽ’. जर्मन कानाला मात्र दोन्ही वेगळे.

शेवटी देवनागरी बाजूला ठेवली आणि डूडन या जर्मन शब्दकोशांच्या मालिकेतल्या उच्चारकोशातली आयपीए चिन्हं, म्हणजे उच्चार दाखवणारी आंतरराष्ट्रीय चिन्हं, बघायला लागले. चेरीत ‘श’. चर्चच्या शब्दात शेपटीवाला सी (ç). त्याची जागा सापडली ती ‘य’मुळे: ‘य’ म्हणायला जीभ टाळूकडे न्यायची, तिथेच धरायची आणि नुसती हवा सोडायची. गळ्यावर बोट ठेवून बघा, थरथर जाणवता कामा नये.

आ, ओ, उ, आउ यांच्यानंतर तोच सी-एच मागे सरकतो, घशाशी घासत येतो आणि चिन्ह एक्स होतं, जसं ‘बाख़’मध्ये. इ, ए यांच्यानंतर आणि ल, न, र नंतर शेपटीवाला सी.

नियम पाठ असला तरी चिन्हं बघाच. ‘कूख़न’ म्हणजे केक. पण ‘कू’ला, म्हणजे गायीला, लघुत्वाचा ‘chen’ हा प्रत्यय लावून छोटी गाय केली, की ‘ऊ’ मागे असूनही शेपटीवाला सीच येतो! प्रमाण उच्चारात ‘वीस’च्या शब्दातला शेवटचा आय-जीसुद्धा तसाच, दक्षिण जर्मनीत तिथे ‘क’ ऐकू येईल.