ॲपमध्ये देवनागरी फॉन्ट घालताय? आधी परवाना बघा

फॉन्टची फाइल हेही सॉफ्टवेअरच. ॲपच्या पॅकेजमध्ये किंवा सर्व्हरवर ती ठेवली, की तुम्ही तिचं वितरण करता. नेमकी इथेच गल्लत होते: विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून मंगल किंवा निर्मला यूआय उचलून प्रोजेक्टमध्ये टाकला जातो. विंडोजच्या परवान्यात या फॉन्टने मजकूर दाखवता-छापता येतो, फाइल पुढे वाटता येत नाही. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, फॉन्टचं नुसतं नाव लिहायला हरकत नाही, कारण तेव्हा वापरणाऱ्याच्याच संगणकावरचा फॉन्ट वापरला जातो. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘एम्बेडिंग’ची परवानगी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. ती पीडीएफसारख्या दस्तऐवजांपुरती असते.

सोपा मार्ग म्हणजे एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स 1.1, म्हणजे ओएफएल. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे सगळे याच परवान्याखाली मिळतात. ॲप विकतचं असो वा बंदिस्त कोडचं, चालतं. फक्त नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही.

झिप उघडल्यावर ओएफएल डॉट टीएक्सटी शोधा. त्यातली कॉपीराइटची ओळ आणि पूर्ण परवाना प्रत्येक प्रतीबरोबर गेला पाहिजे. अँड्रॉइडमध्ये ही फाइल ॲसेट्समध्ये ठेवा आणि ‘परवाने’ नावाच्या स्क्रीनवर दाखवा. नुसतं ‘फॉन्टकर्त्यांचे आभार’ लिहून भागत नाही.

त्याच कॉपीराइटच्या ओळीत ‘रिझर्व्ह्ड फॉन्ट नेम’ असे शब्द आहेत का, ते वाचा. असतील तर फॉन्टमध्ये बदल केल्यावर ते नाव वापरता येत नाही. एखादी मात्रा सरकवणं हा तर बदल आहेच, पण आकार कमी करायला नको असलेली अक्षरं काढणं, म्हणजे सबसेटिंग, हाही बदलच. मग नेम टेबलमधल्या, म्हणजे फॉन्टच्या फाइलमध्येच असलेल्या नाव-माहितीच्या तक्त्यातल्या, 1, 4, 6 आणि असल्यास 16 क्रमांकाच्या नोंदींत नवं नाव घाला. बदललेला फॉन्टही ओएफएलखालीच द्यावा लागतो. तुमच्या कोडला मात्र हे बंधन नाही.

सबसेट करताना दोन गोष्टी हमखास हुकतात. पायएफटीसबसेट हे सबसेटिंगचं साधन वेगळं सांगितलं नाही तर नेम टेबलमधल्या 13 आणि 14 या परवान्याच्या नोंदी गाळून टाकतं. परवान्याची वेगळी फाइल जोडलेली नसेल, तर परवान्याचा मागमूसच उरत नाही. तेव्हा सगळ्या नेम-आयडी राखायला सांगा. दुसरी गोष्ट परवान्याची नाही, पण मराठीला फार नडते: युनिकोडमधली, म्हणजे अक्षरांच्या जागतिक क्रमवारीतली, 0900 ते 097एफ ही देवनागरीची श्रेणीच फक्त घेतली तर झेडडब्ल्यूजे, म्हणजे 200डी क्रमांकाचा न दिसणारा जोडक, बाहेर राहतो. मग ज्यांनी ‘दर्‍या’ र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे वापरून टंकलं असेल, त्यांचा र बिघडू शकतो. 200सी (अक्षरं जुळू न देणारं तसंच अदृश्य चिन्ह) आणि 200डी हाताने जोडा.

पत्रिका, पीडीएफ, फ्लेक्स यांवर ओएफएलची कसलीच अट लागत नाही.