जुन्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसाठी इंधन पंप निवडताना

टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा नवा पंप घेताना लोक आधी ताकद विचारतात, मी दाब विचारतो. या गाडीच्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साधारण ३ पीएसआय, म्हणजे अगदी कमी दाब, पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा जास्त दाबाचा पंप जोडलात तर पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह त्या दाबापुढे टिकत नाही, फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरची पेट्रोल साठवणारी छोटी वाटी) भरून वाहतं आणि पेट्रोल खाली गरम एक्झॉस्टवर ठिबकतं. आगीशी खेळ नको.

मग अर्थिंग बघा. सुरुवातीच्या, १९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या. इलेक्ट्रॉनिक पंप उलटा जोडला तर जळू शकतो.

मला अजूनही पॉइंट्सवाला (उघडझाप करणाऱ्या विद्युत संपर्कांवर चालणारा) एसयू पंपच आवडतो. चावी फिरवली की टकटक करतो, चेंबर भरले की गप्प. टकटक थांबलीच नाही तर टाकी रिकामी किंवा कुठेतरी गळती, हे कानालाच कळतं.

नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या. धडकेत पंप बंद करणारा इनर्शिया स्विचही लावाच.