समुद्रावर जाताना आधी तिथी बघा: किनाऱ्यावरच्या सहलीतल्या या चुका टाळा

माझं सासर अलिबागचं. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याहून भाऊ, वहिनी आणि भाचरं आली तेव्हा मी सगळ्यांना उत्साहाने तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात घेऊन गेले. घरातून निघता निघता अकरा वाजले. घोटाभर पाण्यातून चालत गेलो, गणपतीचं दर्शन घेतलं, समुद्राच्या मध्यावर गोड्या पाण्याची विहीर कशी म्हणून मुलांनी शंभर प्रश्न विचारले. एक वाजता दरवाजातून बाहेर आलो तर आलेली वाट पाण्याखाली. धाकटी भाची रडायला लागली. शेवटी घोडागाडी मिळाली म्हणून परतलो. घरी सासरे एवढंच म्हणाले, "अगं, आज पंचमी ना? पावणेदहालाच पूर्ण ओहोटी झाली. अकराला कशाला नेलंस त्यांना?"

त्या दिवसापासून समुद्रावरचा कुठलाही बेत मी तिथी बघून ठरवते. गेल्या कित्येक वर्षांत पाहुण्यांच्या सहली विस्कटताना पाहिल्या, त्यातल्या बहुतेकांचं मूळ हेच होतं. माणसं हॉटेलच्या चेक-इनप्रमाणे, जेवणाच्या वेळेप्रमाणे किंवा सूर्यास्ताप्रमाणे दिवस आखतात. भरती-ओहोटी कोणी विचारतच नाही.

हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला साधारण सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असंच मोजायचं. दिवसाची आणि रात्रीची, अशा दोन्ही भरत्यांना हे लागू पडतं, आणि त्यापुढे सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून किल्ल्यात जायचं असेल तर भरतीचं छापील वेळापत्रक बघा आणि किनाऱ्यावरच्या माणसांनाही विचारा. सहलीचा दिवस ठरवायला मात्र पाऊणपट पुरते.

याचा उपयोग फक्त किल्ल्यापुरता नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला ओहोटी असते. पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, लांबवर मोकळी पडते, क्रिकेट खेळा, किल्ले बांधा, म्हाताऱ्या माणसांना फिरवा. अष्टमीला त्याच वेळी भरती असते, पुळण अरुंद होते, आणि मग "मागच्या वेळी केवढा मोठा बीच होता!" म्हणून लोक हळहळतात. बीच तोच असतो, तिथी बदललेली असते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यामुळे शनिवारी जमलेली वेळ रविवारी जशीच्या तशी चालत नाही.

अजून एक गोष्ट पाहुण्यांना ठाऊक नसते. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. पहिल्या तासात फारसं काही दिसत नाही, आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी चढतं. खडकावर बसून "अजून खूप वेळ आहे" म्हणणारे नेमके तिथे फसतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर खडक फार सुंदर कोरले गेलेत, पण तिथे ओहोटीलाच उतरायचं, उधाणाच्या दिवसांत लाटांकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, आणि पुजारी किंवा गावकरी "जाऊ नका" म्हणाले की परत फिरायचं. हुज्जत घालू नका, पाया पडते.

पाण्यात उतरल्यावर

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो दिवस आमच्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहिते.

लोक पोहायला शांत जागा शोधतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्येच एका पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी गढूळ किंवा जास्त गडद दिसतंय, ती जागा सुरक्षित वाटते. नेमकी तीच टाळायची. किनाऱ्यावर आलेलं पाणी अशा अरुंद पट्ट्यातून आत परत जातं, आणि माणसालाही ओढून नेतं. या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. पट्टीचा पोहणाराही तिथे दमतो. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते, आणि पट्टा फार रुंद नसतो. तरंगत राहा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहा. लाटा फुटताना दिसल्या की त्यांच्याबरोबर तिरकं बाहेर या. खाडीच्या मुखाशी तर ओहोटीच्या वेळी कधीच उतरू नका, सगळी खाडी तेव्हा समुद्रात रिकामी होत असते.

कोणी बुडताना दिसलं की मागोमाग उडी मारणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. एकाच्या मागे दुसरा, तिसरा जातो. तरंगेल असं काहीही फेका: दोरी, बूच लावलेला रिकामा कॅन, फुगवलेली ट्यूब. जीवरक्षकाला, कोळी बांधवांना हाक मारा, ११२ ला फोन करा. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छातीवर दाब द्यायचा, रुग्णवाहिका येईपर्यंत.

फुगवलेल्या ट्यूबचं म्हणाल तर, ती खेळणं आहे, जीव वाचवायची हमी नाही. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलोय ना आपण? सकाळी लवकर मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो. ट्यूबमध्ये बसवलेलं मूल कधी आत सरकलं ते कळत नाही. ट्यूबची दोरी मोठ्या माणसाच्या हातात हवी.

आता मुलं हरवण्याबद्दल. गर्दीत पोरं सैरावैरा पळतात म्हणून हरवतात असं आपल्याला वाटतं. किनाऱ्यावर तसं होत नाही. लाटा तिरक्या येतात, पाण्यात खेळणारं मूल हळूहळू एका बाजूला सरकत जातं, आणि वीस मिनिटांनी बाहेर येतं ते भलत्याच ठिकाणी. समोर आई नाही, चटई नाही, आणि सगळीकडे सारखीच वाळू आणि सारखीच सुरूची झाडं. आम्ही बसतो तिथे एक काठी रोवून तिला भडक ओढणी बांधतो. मुलांना सांगून ठेवतो, की दर थोड्या वेळाने ओढणी शोधायची, आणि ती समोर नसेल तर बाहेर येऊन चालत परत यायचं. जीन्स घालून किंवा साडी नेसून कमरेएवढ्या पाण्यात जाऊ नये, ओली झाली की पाय उचलत नाही.

पावसाळ्यात मुंबईच्या जुहू-गिरगावच्या चौपाट्यांवर निळ्या फुग्यासारखे जीव लागतात. त्यांना हात लावू नका, मेल्यावरही त्यांचे धागे डसतात. डसलंच तर वाळूने चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवा. श्वासाला त्रास झाला तर सरळ दवाखाना.

गाडी, फोन आणि बाकी

गाडी पुळणीवर नेऊ नका. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक अजून खोल जातं. चाकापुढची वाळू हाताने काढा, टायरमधली हवा बरीच कमी करा, चाकाखाली झावळ्या किंवा गाडीतले पायपुसणे घाला आणि हळू काढा. दहा मिनिटांत निघाली नाही तर लगेच गावात ट्रॅक्टरसाठी निरोप पाठवा. भरती चढत असेल तर संकोचात घालवलेला अर्धा तास गाडीला भोवतो.

फोन खाऱ्या पाण्यात पडला की आधी बंद करा, चार्जिंगला लावू नका, तांदळात पुरू नका. गोड्या पाण्यात किंचित ओल्या केलेल्या फडक्याने पुसून, सुकवून दुरुस्तीला द्या. आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो, त्यामुळे सूर्यास्ताकडे पाठ करून काढलेल्या फोटोत सगळ्यांचे चेहरे काळे येतात. घरच्यांचे फोटो तासभर आधी काढा. आणि व्हॉट्सॲपवर फोटो साधे न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आजीला मोठे छापून देता येतात.

वेळासला कासवांची पिल्लं बघायला जाणाऱ्यांना एक विनंती. २००२ पासून तिथे घरटी जपली जात आहेत. पिल्लं पाण्याकडे निघतात तेव्हा फ्लॅश मारू नका, दोरीच्या आत जाऊ नका. उजेडाने ती दिशा चुकतात.

राहिल्या घरी परत आल्यावर आधी बाहेरच्या नळावर पाय धुवा, नाहीतर यजमानांच्या न्हाणीचं गटार वाळूने तुंबतं. अंगाला चिकटलेली वाळू टाल्कम पावडर लावून हाताने झटकली की निघते, लहान मुलांची कातडी सोलवटत नाही.

सासूबाईंचे गुडघे आता दुखतात. त्या म्हणायच्या, "तुम्ही जा, मी खोलीवर बसते," आणि आम्ही जायचो. ही आमची कितीतरी वर्षं झालेली चूक. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय ओल्या वाळूत रुततात आणि म्हातारं माणूस तोल जाऊन पडतं, याची त्यांना भीती होती, हे विचारल्यावर कळलं. आता आम्ही दोन पाट बरोबर नेतो आणि ते खुर्चीच्या पायांखाली घालतो. पौर्णिमेच्या संध्याकाळी, ओहोटी पूर्ण होऊन पाणी परत वळलं की जिथे लाट नुसती पावलं भिजवून जाते, तिथे त्यांना बसवतो. नातू लाटा मोजतो, त्या चुकला की सांगतात.