विनाकारण उकडते, घाम थांबत नाही, तेव्हा

घरातले इतर जण पंखा एकवर ठेवून निवांत बसलेले असताना आपल्याच सदऱ्याची पाठ ओली होत असेल, तर आधी दोन आठवडे एका वहीत घाम येण्याची वेळ, त्याआधी खाल्लेले पदार्थ, चालू असलेली औषधे आणि शक्य असल्यास नाडीचे ठोके लिहून ठेवावेत. डॉक्टरांना 'फार घाम येतो' एवढ्या तक्रारीपेक्षा अशी वही कितीतरी अधिक सांगून जाते.

थायरॉइडची अतिक्रियाशीलता, रजोनिवृत्ती, रक्तातील साखर एकदम उतरणे आणि नैराश्यावरील काही गोळ्या ही नेहमी आढळणारी कारणे असल्याने टीएसएच (थायरॉइडचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) व साखरेची तपासणी करून घ्यावी. मात्र चालू गोळी स्वतःहून बंद करू नये. रात्री अंथरूण भिजत असेल आणि सोबत वजन घटणे, बारीक ताप किंवा रेंगाळणारा खोकला असेल, तर क्षयरोगाची तपासणी लांबणीवर टाकू नये.

काखेतील घामासाठी ॲल्युमिनियम क्लोराइड असलेले औषध रात्री, त्वचा पूर्ण कोरडी करून लावावे आणि सकाळी धुवावे. पुष्कळ जण ते आंघोळीनंतर ओलसर अंगावर लावतात, आग होते म्हणून सोडून देतात आणि दोष औषधाला देतात. सैल सुती कपडे घालावेत. चहा-कॉफी व तिखट कमी करून पाहावे.

छातीत दुखून दरदरून घाम फुटल्यास मात्र वही बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.